राखणीतला जाळ

मावळात भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, तेव्हा काडी कुठे लावायची हे ठरलेलं असतं. वारा जिकडे वाहत असेल, त्या टोकाला. मग जाळ वाऱ्याच्या तोंडावर, रेटून रेटून, हळूहळू मागे सरकत येतो. भडकत नाही, उडी मारत नाही. त्याआधी वाफ्यावर वाळलेलं शेण पसरलेलं असतं, त्यावर ऐनासारख्या झाडांचा तोडून वाळवलेला टहाळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा थर. माती अशासाठी की पाला उडू नये आणि जाळ धुमसत राहावा. खालची जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, राख मिसळते, आणि पहिल्या पावसात पेरलेलं भात त्या काळ्या चौकोनात दाट उगवतं. सभोवारची जागा झाडून साफ केलेली असते आणि कडेला कोणीतरी ओला डहाळा हातात धरून उभं असतं. जाळ विझेपर्यंत ते माणूस हलत नाही.

हद्द, वारा, वेळ आणि राखण. वन्यजीवांचा अधिवास सुधारण्यासाठी जगात आज जो ठरवून जाळ लावतात, त्याचे चारही नियम या वाफ्यात आहेत. आग वाऱ्याविरुद्ध चालवायची, हे त्या शास्त्रातलं अगदी पहिलं कौशल्य. आपल्याकडे ते चाकणच्या पश्चिमेला, आंदर मावळापासून भीमाशंकरच्या पायथ्यापर्यंतच्या भातशेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या येतं. म्हणून या तंत्राचं कूळ शोधताना मी इथूनच सुरुवात करतो.

राबाला टहाळ लागतो आणि टहाळ जंगलातून येतो. १८७८ चा वन कायदा आला आणि तिथेच खटका उडाला. सरकारच्या लेखी राब म्हणजे झाडांची छाटणी आणि जंगलाचा नाश, कुणब्याच्या आणि ठाकराच्या लेखी राब नाही तर रोप नाही. ठाणे-कुलाबा जिल्ह्यांकडच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. छाटून छाटून झाडांची रया जात होती, हे खोटं नव्हतं. पण त्या वादात जाळ हाताळण्याचं लोकांचं ज्ञान गुन्ह्याच्या खात्यात जमा झालं, आणि ते नुकसान आजपर्यंत भरून आलेलं नाही.

राबाकडे नीट पाहणारा एक माणूस मात्र होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन. त्यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासोबत १९१२ मध्ये पश्चिम भारतातल्या राब पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. जाळण्याकडे अडाणीपणा म्हणून न पाहता तो मातीच्या रसायनशास्त्राचा प्रश्न म्हणून त्यांनी हाती घेतला. हेच मॅन पुढे पिंपळे सौदागरला गेले. आज तिथे पिंपरी-चिंचवडचे उंच टॉवर उभे आहेत, तेव्हा ते पुण्याजवळचं एक खेडं होतं. त्या गावावरचं त्यांचं 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' १९१७ मध्ये आलं. त्यातला एक आकडा अर्थशास्त्राच्या पुस्तकांतून अजून फिरतो: १५६ खातेदारांच्या जमिनीचे सातशेहून जास्त तुकडे, आणि त्यांतले ४६३ एकराहून लहान. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

दुसरी शाखा वनखात्याची. १८६४ च्या सुमारास कर्नल पिअर्सन यांनी सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात वणवा शिरू न देण्याचा पहिला मोठा प्रयत्न केला. तिथून आग रोखणं हे खात्याचं ब्रीद झालं. गंमत अशी की आग रोखायला आगच लागते. थंडी सरता सरता दोन समांतर चिंचोळ्या पट्ट्यांतलं गवत कापायचं, आणि मधला पट्टा माणसं उभी करून, वारा पडलेला असताना जाळून टाकायचा. उरतो तो उघड्या जमिनीचा काळा पट्टा, पुढे येणाऱ्या वणव्याला तिथे खायला काही मिळत नाही. हीच जाळरेषा, कुठे कुठे तिला जाळपट्टा म्हणतात. राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरतात, जाळरेषा त्याआधी व्हायला हवी.

जाळाचा उपयोग जनावरांसाठी, तोही खासगी जमिनीवर, हा विचार शास्त्र म्हणून उभा राहिला तो अमेरिकेत. जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या सीमेवर शिकारीच्या मोठमोठ्या खासगी इस्टेटी होत्या आणि तिथले बॉबव्हाइट जातीचे लावे कमी होत चालले होते. मालकांनी पैसे घातले, आणि १९२४ पासून हर्बर्ट स्टॉडर्ड यांनी त्या पक्ष्याचा अभ्यास केला. तिथलं वनखातं आगीला शत्रू मानत असताना त्यांनी १९३१ च्या आपल्या ग्रंथात सांगितलं की आग साफ बंद केली तर झुडपं माजतात आणि लाव्याची जागा जाते, म्हणून मोजून-मापून जाळायला हवं. आपल्याच देशात केरळमधल्या एरविकुलमला निलगिरी ताहरसाठी गवताचे छोटे छोटे तुकडे आळीपाळीनं जाळतात, आणि ते काम मुथुवन आदिवासींच्या हातचं आहे. सगळा डोंगर एकदम कधीच नाही. एक तुकडा जाळलेला, शेजारचा उभा. कोवळा पाला एकीकडे, लपायला आडोसा दुसरीकडे.

आता आपल्याकडे या. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री तळेगावकडून चाकणला येताना डोंगरावर केशरी माळा दिसतात. काही ठिकाणी तो निष्काळजीपणा असतो, काही ठिकाणी जुनी समजूत, की डोंगर जाळला की पावसाळ्यात गवत चांगलं फुटतं. या समजुतीत राबाची आठवण आहे, पण राबाचे नियम गळून पडलेत. राबाच्या वाफ्यात राख जागेवर राहते, उतारावरची राख पहिल्या वळवात ओढ्याला जाते. आणि फुटतं कोणतं गवत?

एक कुसळ तळहातावर घेऊन बघा. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर उलट्या दिशेचे बारीक केस, मागे बोटाएवढा लांब, पिळलेला काळपट शेपटा. थुंकीचा थेंब लावला की शेपटा स्वतःभोवती फिरायला लागतो. ओल मिळाली की उलगडतो, वाळला की पुन्हा पीळ घेतो, आणि बी मातीत स्क्रूसारखं खाली जातं. वरून वणवा गेला तरी ते मातीत सुखरूप. म्हणजे दरवर्षी जाळलं की पवना, मारवेल यांसारखी गुरांना आवडणारी गवतं मागे पडतात आणि कुसळी माजते. तीच मग गुरांच्या तोंडात टोचते, मेंढरांच्या लोकरीत घुसते आणि आपल्या मोज्यांत अडकते. चाऱ्यासाठी लावलेला जाळ चाराच खातो.

माळावरच्या जिवांचा हिशेब तर तारखेवर चालतो. माळटिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत खडे वाटावेत अशी अंडी घालते, मार्च ते मे हा तिचा मुख्य काळ. जानेवारीत जाळलेला लहान तुकडा तिच्या कामाचा आहे. तोच जाळ एप्रिलमध्ये लागला तर अंडी भाजतात. तितर, लावा, ससा यांना उंच गवताचा आडोसा हवा, चंडोल आणि खोकड यांना मोकळी नजर हवी. सगळा डोंगर काळा झाला की कोणालाच काही उरत नाही. पुणे जिल्ह्यात चिंकाऱ्यासाठी राखलेलं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे. बाकीचे चिंकारे, लांडगे, तरस राहतात ते गायरानांवर आणि लोकांच्या मालकीच्या माळांवर. त्यांचं घर सातबाऱ्यावर आपल्या नावानं आहे.

आणि इथे मॅनसाहेबांचा आकडा आडवा येतो. जॉर्जियात एका मालकाच्या हजारो एकरांत स्टॉडर्ड जाळ लावू शकले. आपल्या एकरभर तुकड्यात लावलेला जाळ बांध ओलांडायला पाच मिनिटंही घेत नाही. चाकणजवळच्या भामचंद्र डोंगराच्या पायथ्याशी एमआयडीसी आल्यापासून तर तुकड्यांचे प्लॉट झाले, तारेची कुंपणं पडली. तिथलं गवत दिवाळीनंतर कोणी कापत नाही, गुरं आत जात नाहीत, त्यामुळे ते कंबरभर वाळून उभं राहतं. पूर्वी ज्याच्या गंज्या होत होत्या, तेच आज जळण होऊन बसलंय. अशा जमिनीवर एकट्यानं, अधिवासाच्या नावाखाली आग लावणं मला साफ चुकीचं वाटतं. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव जंगलाला धोका होईल अशी आग नियम मोडून पेटवणं किंवा जळती सोडणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. आपल्याकडे खासगी माळाला शोभणारा जाळ एकच: शेजारच्या खातेदारांनी मिळून काढलेली जाळरेषा.

ज्यांचा माळ आहे, डोंगरउतार आहे, नुसता गुंतवणुकीचा प्लॉट आहे, त्यांनी डिसेंबरात गवत कापून घ्यावं, पण एखादा तुकडा लाव्यासाठी उभा ठेवावा. शेजाऱ्यांना धरून, वनरक्षकाला कळवून, १५ फेब्रुवारीच्या आत हद्दीवर पट्टा काढावा, आणि तो काढताना राब भाजलेलं एखादं जुनं माणूस सोबत घ्यावं. आणि डोंगरावर केशरी माळ दिसली की फोटो काढण्याआधी वनखात्याला फोन करावा. हेल्पलाइनचा क्रमांक १९२६.