आदराची भिंत

भिंत रंगविली की वस्तीला शोभा येते. परंतु तीवर कोणाचे चेहरे असावेत, हा निर्णय बाहेरच्यांकडे राहिला नाही, तर त्या रंगांना इतिहासाचे मोल येते. शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत १९६७ साली असे घडले. विल्यम वॉकर आदी कृष्णवर्णीय कलावंतांनी त्रेचाळिसाव्या रस्त्यावरील एका जीर्ण इमारतीवर माल्कम एक्स, मुहम्मद अली, नीना सिमोन अशा आपल्या नायक-नायिकांना स्थान दिले. ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’, म्हणजे आदराची भिंत, हे तिचे नाव. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये ‘वॉल ऑफ डिग्निटी’ साकारली. १९७१ मध्ये शिकागोची ती इमारत आगीत सापडली व नंतर पाडण्यात आली. तिने घातलेला पायंडा मात्र तोवर इतर शहरांतील वस्त्यांनी उचलला होता.