अनामत, इसार आणि घोटीचा घरमालक

इगतपुरी तालुक्यातील घोटी ही भाताची जुनी बाजारपेठ असून तेथील धुवांधार पावसामुळे बांधकामाचा हंगाम आखूड पडतो, त्यामुळे इसार, म्हणजे सौदा पक्का करण्यासाठीची आगाऊ रक्कम, देऊनही काम रखडले तर उघड्या भिंतींचा भुर्दंड घरमालकालाच सोसावा लागतो. 1872 च्या करार कायद्याने करारभंगाची भरपाई मान्य केली खरी, पण ती दिवाणी दाव्याच्या लांबलचक वाटेने. याउलट सरकारी बांधकामांत मोजमाप पुस्तकात नोंदलेल्या कामापुरतेच देयक देण्याची आणि अनामत, म्हणजे दोषदुरुस्तीच्या हमीसाठी रोखलेली रक्कम, ठेवून घेण्याची शिस्त रुजली. खासगी मालकाला ती करारात स्वतः लिहून घ्यावी लागते.

1963 च्या महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्याने नोंदणीकृत करारापूर्वीच्या आगाऊ रकमेला 20 टक्क्यांची मर्यादा घातली आणि 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन, कायद्याने ती 10 टक्क्यांवर आणली. तथापि हे दोन्ही कायदे विकासकाकडून घर घेणाऱ्यांसाठी आहेत, स्वतःच्या जागेवर ठेकेदार लावणाऱ्यासाठी नव्हेत, ही विसंगती नजरेआड करण्याजोगी नाही. अशा घरमालकाला आधार मिळाला तो 1993 च्या दुरुस्तीचा, जिने 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ या संज्ञेत घरबांधणी आणली आणि जिल्हा ग्राहक तक्रार मंचाचे दार उघडले.