अक्षराची चाकरी

पवईच्या तलावाजवळ, मुंबईच्या आय.आय.टी.च्या आवारात, भारत सरकारने १९६९ साली औद्योगिक अभिकल्पाचे जे केंद्र स्थापन केले आणि जे पुढे आय.डी.सी. या आद्याक्षरांनीच सर्वतोमुखी झाले, तेथे १९८४ साली दृक्‌संवाद या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला, तेव्हा त्यातून बाहेर पडणाऱ्या तरुणाने कोणत्या हुद्द्यावर रुजू व्हावे, याचे उत्तर कोणत्याही सरकारी दफ्तरात लिहिलेले नव्हते. अभियंत्याला कारखाना होता, वास्तुविशारदाला नगरपालिका आणि मक्तेदार होते. परंतु अक्षर, चित्र, रंग आणि पानाची मांडणी यांच्या योगे मजकूर वाचकाच्या डोळ्यांपर्यंत सुखरूप नेणे, एवढीच ज्याची विद्या, त्याला जाहिरात कंपनीचे एकच दार उघडे दिसत असे. त्या दारातून काहीजण आत गेले, काही परत फिरले, आणि काहींनी असे व्यवसाय उभे केले की ज्यांना त्या काळी मराठीत रूढ नावही नव्हते. या पदवीधरांच्या वाटांचा इतिहास पाहू गेल्यास पदवीच्या फार मागे जावे लागते, कारण पेशा जुना आहे. पदवी तेवढी नवी.

गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर मराठी पंचांग छापले, त्या वेळी लेखनिक, चित्रकार आणि मुद्रक या तिघांची कामे एकाच छपराखाली आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या अंगावर असत. खऱ्या अर्थाने अक्षराचा कारागीर म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवावे असा पुरुष मात्र निर्णयसागराच्या कारखान्यात सापडतो. जावजी दादाजी हे पोरवयात अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले, टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली खिळे पाडण्याचा हुन्नर त्यांनी जवळून पाहिला, आणि १८६९ साली त्यांनी निर्णयसागर छापखाना काढला. परंतु त्या छापखान्याच्या देवनागरीला जे सौंदर्य लाभले, ते राणू रावजी आरू या कारागिराच्या हाताचे होते. पोलादी सळईच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, कोरताना मधूनमधून दिव्याच्या काजळीत धरून त्याचा ठसा कागदावर पाहायचा, मनाजोगे उतरले की पोलादाला पाणी देऊन ते कडक करायचे, मग तांब्याच्या तुकड्यावर ठोकून मातृका तयार करायची, आणि त्या मातृकेत शिसे, अँटिमनी व कथील यांचा रस ओतून खिळा पाडायचा, असा तो क्रम होता. देवनागरीत स्वर, व्यंजने, काना-मात्रा, रफार आणि जोडाक्षरे मिळून शेकडो खिळ्यांचा संच लागे, आणि त्यातला प्रत्येक खिळा शेजारच्या खिळ्याशी शिरोरेषेत बिनसांध्याचा जुळावा लागे. आरूंपाशी पदवी नव्हती. त्यांच्या विद्येची परीक्षा रोज होत होती, आणि ती घेणारे परीक्षक म्हणजे निर्णयसागराच्या 'काव्यमाला' या मालेतील संस्कृत ग्रंथ वाचणारे काशीपासून कुंभकोणमपर्यंतचे पंडित होते.

ही विद्या कारखान्यातून शाळेत यावयास बराच काळ जावा लागला. सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा, म्हणजे जे.जे., १८५७ सालची. परंतु व्यापारी कलेचा वर्ग तेथे उघडला तो १९३५ च्या सुमारास, जेव्हा मुंबईत कापडाच्या गिरण्या, औषधांचे कारखाने, चित्रपट कंपन्या आणि त्यांच्या जाहिरातींची कंत्राटे घेणाऱ्या विलायती कंपन्या यांना शिकलेल्या हातांची निकड भासू लागली. या वर्गातून जी.डी. आर्ट होऊन बाहेर पडलेला मुलगा गिरगाव-दादरच्या चाळीतून निघून फोर्टातल्या एखाद्या जाहिरात कंपनीच्या स्टुडिओत लागे, कित्येक वर्षे ब्रोमाइड कापण्यात आणि पेस्ट-अप करण्यात घालवी, आणि मग कधीतरी त्याच्या हाती ले-आउट येई. याच कलाशाळेत शिकलेले मडगावचे दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली स्वतःचे 'दीपावली' वार्षिक काढून दाखवून दिले, की चित्रकाराला मालकाच्या दारी न जाता वाचकाच्या दारीही जाता येते. दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे ज्या घरांत भिंतीवरच्या तसबिरींच्या शेजारी जाऊन बसली, त्या घरांनी दृक्‌संवाद हा शब्द ऐकला नव्हता. ती गोष्ट मात्र त्यांनी मनापासून स्वीकारली होती. आणि कमल शेडगे यांचे उदाहरण तर पदवीच्या अभिमान्यांनी नित्य डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे. कलाशाळेचे रीतसर शिक्षण नसताना, वडील ज्या टाइम्स ऑफ इंडियाच्या कलाविभागात होते तेथेच उमेदवारी करून, त्यांनी मराठी नाटकांच्या नावांना असे रूप दिले, की वृत्तपत्रातील जाहिरात पाहताच नाटकाचा बाज प्रेक्षकाच्या ध्यानी यावा.

या दोन परंपरा, म्हणजे कारखान्यातील उमेदवारी आणि शाळेतील शिक्षण, ज्या एका माणसाच्या आयुष्यात एकत्र आल्या आणि ज्याच्या आयुष्याने पुढील पदवीधरांना नकळत नकाशा आखून दिला, ते रघुनाथ कृष्ण जोशी. १९३६ साली जन्मलेले, जे.जे.त व्यापारी कला शिकलेले जोशी प्रथम डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत आणि मग उल्का या कंपनीत लागले, आणि उल्कात कलादिग्दर्शक म्हणून त्यांनी दोन दशके काढली. जाहिरातीच्या धंद्यात इतकी वर्षे मुरलेला मनुष्य सहसा तेथूनच निवृत्त होतो. जोशी १९८३ साली पवईला अध्यापक म्हणून गेले, आणि दुसऱ्याच वर्षी दृक्‌संवादाचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्यांच्या वर्गात अक्षर हे डोळ्यांनी पाहण्याआधी हाताने, खांद्याने आणि श्वासाने अनुभवावयाचे असे. ते स्वतः कवी होते आणि अक्षराला उच्चाराचा देह मानत. पुढे १९९६ मध्ये पवईहून निवृत्त झाल्यावर, ज्या वयात माणसे आठवणी लिहावयास घेतात त्या वयात, ते संगणक-तंत्रज्ञांच्या राष्ट्रीय केंद्रात जाऊन बसले आणि भारतीय लिप्यांसाठी फाँट घडवू लागले. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० बरोबर देशभर पोहोचलेला देवनागरी 'मंगल' त्यांच्या हातचा आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर कितीतरी कागद त्या अक्षरांत निघू लागले होते. कागदावर अक्षरकर्त्याचे नाव अर्थातच नव्हते, जसे निर्णयसागराच्या ग्रंथांवर आरूंचे नसे.

जाहिरात, अध्यापन, संगणक, हे जोशींच्या आयुष्याचे तीन टप्पे त्यांच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांत तीन स्वतंत्र वाटा झाले. पवईच्या या अभ्यासक्रमात प्रवेश घेणारे सगळेच कलाशाळेतले नसत. सीड या प्रवेशपरीक्षेतून अभियंते येत, वास्तुविशारद येत, आणि दोन वर्षांच्या त्या वास्तव्यात, रात्री जागून केलेले प्रकल्प भरल्या सभेत ज्युरीपुढे मांडताना, ज्याला चित्र येत नसे तो चित्र शिकत असे आणि ज्याला केवळ चित्र येत असे तो तर्क शिकत असे. या मिश्रणाचा परिणाम त्यांच्या रोजगारावर झाला. अगदी आरंभीच्या तुकड्या बाहेर पडत होत्या तोच छपाईच्या धंद्यात डी.टी.पी. आले, पुण्याच्या श्रीलिपीसारख्या प्रणालींनी खिळे जुळवणाऱ्याची आणि पेस्ट-अप करणाऱ्याची जागा घेतली, आणि जे.जे.च्या जुन्या जी.डी. आर्टवाल्याची जी पहिली पायरी होती तीच नाहीशी झाली. १९९१ नंतर परदेशी माल आणि दूरचित्रवाणीच्या वाहिन्या आल्या, तेव्हा वेष्टने, बोधचिन्हे आणि वाहिन्यांची पडद्यावरील ओळख घडविण्याचे काम वाढले. त्यानंतर संगणकाचा आणि भ्रमणध्वनीचा पडदा आला, आणि बंगळूर-पुण्याच्या कंपन्यांनी या पदवीधरांना इतक्या मोठ्या मुशाहिऱ्यावर नेले, की आज दृक्‌संवाद शिकलेल्यांपैकी पुष्कळांचे काम कागदाला कधी शिवतही नाही. ते काम प्रतिष्ठेचे आहे. मात्र प्रणालीची नवी आवृत्ती निघाली की जुनी पुसली जाते, आणि ज्याने ती आखली त्याला ती स्वतःच्या पुतण्यालाही पुन्हा दाखविता येत नाही. चलच्चित्राकडे वळलेल्यांची वाट अवघड होती, परंतु तिचे फळ टिकाऊ आहे: पवईला अध्यापन करणाऱ्या शिल्पा रानडे यांचा, उपेंद्रकिशोर राय यांच्या कथेवरील 'गोपी गवैया बाघा बजैया' हा २०१३ चा चित्रपट त्याची साक्ष देतो.

सर्वांत ठळक उदाहरण अर्थातच उदय कुमार धर्मलिंगम यांचे. चेन्नईला वास्तुकला शिकून ते पवईला दृक्‌संवादाच्या पदव्युत्तर वर्गात आले, तेथेच त्यांनी तमिळ मुद्राक्षरांवर संशोधन केले, आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने तीन हजारांवर प्रवेशिकांमधून त्यांनी रेखाटलेले रुपयाचे चिन्ह स्वीकारले. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा संकर असलेल्या त्या चिन्हात वरची आडवी रेषा ही आपली शिरोरेषा आहे, आणि तिच्याखालच्या दुसऱ्या रेषेने बरोबरीचे चिन्ह सिद्ध होते. बक्षीस अडीच लाखांचे होते. पण एवढी कीर्ती हाती आलेला हा तरुण जाहिरात कंपनीत गेला नाही. त्याच सुमारास तो गुवाहाटीच्या आय.आय.टी.त अध्यापक म्हणून रुजू झाला, ज्या संस्थेतील अभिकल्प विभागाची उभारणी पवईच्या केंद्राचे आद्य प्रमुख सुधाकर नाडकर्णी यांनी केली होती. पवईची विद्या अशी एका शाखेकडून दुसऱ्या शाखेकडे जात राहिली, आणि अध्यापन ही या पदवीधरांची दुय्यम वाट आहे असे जे समजतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मला स्वतःला मात्र अधिक मोलाचे वाटते ते अक्षराकडे परतलेल्यांचे काम, कारण तेथे आरूंचा तुटलेला धागा पुन्हा जुळला. देवनागरी अक्षराच्या अवयवांची नावे कोणती, त्यांची परस्परांशी प्रमाणे कोणती, हा प्रश्न कारागिराच्या हाताला ठाऊक होता पण शब्दांत मांडलेला नव्हता. तो पवईला गिरीश दळवी यांनी संशोधनाचा विषय केला, आणि यशोदीप घोलप यांच्यासह त्यांनी 'मुक्त' हा फाँट सिद्ध केला. मुंबईच्या एक टाइप या समूहातून तो २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. या कामातील बारकावा एकाच उदाहरणाने सांगतो. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. या दोहोंत फरक तो केवळ 'र'च्या रूपाचा, एकीकडे रफार आणि दुसरीकडे पापणीसारखी आडवी वळलेली अर्धी खूण. हिंदीला या दुसऱ्या रूपाची गरज नाही, म्हणून केवळ हिंदी ध्यानात धरून घडविलेल्या संगणकीय अक्षरसंचांत ते एक तर नसे किंवा मोडके उमटे, आणि मराठी लेखकाच्या दऱ्यांचा मुद्रणात दर्या होई. तीच गत मराठी वळणाच्या पाकळीदार 'ल'ची आणि 'श'ची. ज्याला मराठी वाचता येते, अक्षर रेखाटता येते आणि फाँटची संगणकीय आज्ञावलीही समजते, असाच मनुष्य हा दोष दूर करू शकतो. आणि असा मनुष्य केवळ कारखान्यात किंवा केवळ कलाशाळेत घडणे कठीण होते.

इतके होऊनही मराठी प्रकाशनाच्या वाट्याला या पदवीधरांपैकी फार थोडे आले, याचे मला मनापासून दुःख आहे. आमच्या क्रमिक पुस्तकांची पाने, एस.टी. स्थानकांवरील फलक आणि दवाखान्यांतील सूचना यांना या विद्येची जेवढी गरज आहे तेवढी कोणत्याही साबणाच्या वेष्टनाला नाही. पण सरकारी कामाचे दर निविदेने ठरतात, मराठी प्रकाशक मुखपृष्ठाला जे देऊ शकतो त्यात मुंबईतले घरभाडेही भागत नाही, आणि कर्ज काढून शिकलेल्या मुलाला यावरून दोष देण्याचा अधिकार आपणांस नाही. जावजी दादाजींनी आपल्या अक्षरकाराला खिळ्यांच्या आणि ग्रंथांच्या विक्रीतून पोसले. तो पैसा वाचकाच्या खिशातून येत असे. आज 'मुक्त'सारखे फाँट गावोगावच्या डी.टी.पी. चालकाला विनामूल्य मिळतात, ही मोठीच सोय आहे. परंतु देवनागरीची मोठी कामे सांगणारा आणि त्यांचा मोबदला देणारा धनी बहुधा सातासमुद्रापलीकडील एखादी संगणक कंपनी असतो, आणि पवईहून बाहेर पडणाऱ्या नव्या अक्षरकाराला आपला अर्ज तिकडेच धाडावा लागतो.