पावतीबुकवाल्या बायका

सोलापुरात वर्गणी मागायची तर चार भाषांत हात पसरता आला पाहिजे, असं आमची आत्या म्हणायची. चाटी गल्लीत मराठी, बाळीवेशीत कानडी, साखर पेठेत आणि कन्ना चौकात तेलुगू, विजापूर वेशीत उर्दू. तिला चारही मोडक्यातोडक्या यायच्या. ‘व्याकरण चुकलं तर माणूस हसतो, आणि हसलेला माणूस चार आणे जास्त देतो,’ हे तिचं शास्त्र.

गल्लीतल्या महिला मंडळाचा एक छोटा निधी होता. नवरा गेलेल्या, टाकून दिलेल्या बायकांना शिलाई मशीन घेऊन द्यायचं, एखाद्या पोरीची फी भरायची, बाळंतपणाला हात द्यायचा, एवढाच त्याचा आवाका. १८७७ मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीचा भोंगा गावाला वेळ सांगायचा, तो काळ. गिरणीत पगार झाला की आत्या पिशवीत पावतीबुक टाकून निघायची. बरोबर कॉपिंग पेन्सिल. तिचं टोक जिभेला लावल्याशिवाय उठायचं नाही, त्यामुळे संध्याकाळी घरी येईपर्यंत आत्याची जीभ आणि खालचा ओठ जांभळा झालेला असायचा. किती पावत्या फाडल्या हे आजी तिच्या तोंडाकडे बघून ओळखायची म्हणे.

तिचे दोन नियम होते. चार आणे देणारीलाही पावती मिळणार. आणि पावतीवर नाव बाईचं. दुकानदार गल्ल्यातून पाच रुपये काढून दुकानाचं नाव सांगू लागला की ती विचारायची, “वहिनींच्या नावानं फाडू?” कितीतरी दुकानदारांना बायकोचं नाव दहा माणसांत उच्चारायचंच जड जायचं. ती पेन्सिल धरून शांतपणे थांबायची. सगळ्यात नियमित वर्गणीदार मात्र विडी वळणाऱ्या होत्या. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखू. हजार विड्यांमागे मजुरी, त्यातही कारखान्यात नापास विड्यांची छाट निघाली की तेवढी मेहनत वाया. त्या बायका आठ आणे बाजूला काढून ठेवायच्या आणि आत्या नाही आली तर कुणाच्या तरी हाती पाठवायच्या.

वर्षातून एकदा, संक्रांतीनंतर, सगळ्या वर्गणीदारांना एकत्र बोलवायचं. गावात सिद्धेश्वराच्या गड्ड्याची धामधूम, आणि रथसप्तमीच्या आत हळदीकुंकू उरकायचं, म्हणून हळदीकुंकू आणि वर्गणीदारांची बैठक दोन्ही एकातच. जमखाना अंथरायचा, वाण द्यायचं आणि मग वर्षाचा हिशेब वाचायचा. आता यातली मेख अशी, की आत्या विसाव्या वर्षीच विधवा झालेली. जिनं दारोदार फिरून पैसे आणले, वही लिहिली, ती त्या दिवशी स्वयंपाकघरात तीळगुळाची ताटं भरत बसायची. हिशेब दुसरीच कुणी सवाष्ण वाचायची. आत्या स्वतः यावर चकार शब्द बोलली नाही. हे सगळं मला आईनं सांगितलं.

पुढं काय घडलं याच्या घरात दोन कहाण्या आहेत. आई सांगते, की साखर पेठेतली एक म्हातारी विडीवाली उभी राहिली आणि म्हणाली, “चिठ्ठी फाडनारी अक्का कुटं हाय? तिला बगितल्याबिगर मी पैसे देनार न्हाई.” मग आत्याला बाहेर आणलं. काकांचं म्हणणं वेगळं. त्यांच्या मते त्या वर्षी जमाखर्चात सात रुपयांचा मेळ बसेना, वाचणारीला काही सांगता येईना, कुजबूज सुरू झाली, आणि मग झक मारत आत्याला बोलवावं लागलं. मला काकांची कहाणी जास्त पटते. सुधारणेला जे वर्षानुवर्षं जमत नाही, ते न जुळणारा हिशेब एका दुपारी करून दाखवतो. त्यानंतर आधी हिशेब, तोही आत्यानंच वाचायचा, आणि मग तीळगूळ, असा क्रम पडला.

पण आत्या काही एकटी नव्हती. महाराष्ट्रात बायकांच्या कामासाठी पैसा गोळा करणाऱ्यांची नावं काढा, विधवाच पुढं येतात. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत व्याख्यानं देत माणसं जोडली. १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि गावोगावी तिची मंडळं निघाली. वर्षाला एक डॉलर, सलग दहा वर्षं, असा शब्द देणारे साधे वर्गणीदार. त्या पैशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथं अगदी सुरुवातीला शिकायला आलेली विधवा गोदूबाई, म्हणजे १८९३ मध्ये अण्णासाहेब कर्व्यांशी पुनर्विवाह केलेल्या आनंदीबाई. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा. कर्व्यांच्या आश्रमासाठी त्या गावोगाव हिंडल्या आणि १९१८ मध्ये थेट अमेरिकेला गेल्या. तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिल्या आणि आश्रमासाठी मदत मिळवली. ज्या देशाच्या डॉलरांवर बहीण शिकली, तिथंच ही पुन्हा मागायला गेली! रमाबाई रानडे यांनी पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन उभं केलं तेही वैधव्यातच, आणि त्या सेवासदनाचं काम सोलापुरातही आलं. एवढ्या पैशांची जमवाजमव ज्यांनी केली, त्यांच्यापैकी एकीलाही हळदीकुंकवाच्या जमखान्यावर जागा नव्हती.

अशी जागा नाकारणाऱ्या प्रथा मोडण्याचा पुढचा दाखला याच सोलापूर जिल्ह्यातला आहे. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी, आपल्या पश्चात पत्नीवर विधवापणाच्या प्रथा लादू नयेत असं लिहून दिलं आणि मोहीम चालवली. त्यातून मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसंच आवाहन केलं.

ठराव कागदावर आहे. तुमच्या मंडळाचं यंदाचं संक्रांतीचं निमंत्रण लिहायला घ्याल, तेव्हा आधी वर्गणीदारांची वही काढा आणि तिच्यातलं एकही नाव गाळू नका.