कुनिताची : लाल छपराचे स्थानक
गावावरून स्थानकाला नाव मिळावे, हा सर्वत्र आढळणारा क्रम. टोकियोच्या पश्चिमेकडील कुनिताची येथे तो उलटा घडला. १९२३ च्या महाभूकंपात राजधानीच्या मध्यवर्ती भागातील वाणिज्य विद्यापीठ (आजचे हितोत्सुबाशी) उद्ध्वस्त झाले. त्याच्यासाठी त्सुत्सुमी यासुजिरो यांच्या भूविकास कंपनीने याहो खेड्याच्या रानात विद्यापीठ-नगरी वसविण्याची योजना आखली. १९२६ साली तेथे चुओ लोहमार्गावर त्रिकोणी लाल छपराचे लाकडी स्थानक उभे राहिले. कोकुबुंजी व ताचिकावा या शेजारच्या स्थानकांच्या नावांतील एकेक चित्राक्षर घेऊन त्याचे नाव घडविण्यात आले. १९५१ मध्ये याहोला नगराचा दर्जा मिळाला, तेव्हा त्यानेही हेच नाव धारण केले.

रोज राजधानीत कामाला जाऊन परतणाऱ्या अनेक पिढ्यांना ते छप्पर म्हणजे घर आल्याची खूण होती. लोहमार्ग उंचावण्याच्या कामासाठी २००६ साली ती वास्तू उतरविण्यात आली. नागरिकांनी मात्र तिच्या जतनाचा आग्रह सोडला नाही. नगरपालिकेने तिचे लाकूड सांभाळून ठेवले. २०२० मध्ये ती पुन्हा उभी राहिली. आता गाड्या मागील उन्नत स्थानकावर थांबतात आणि जुन्या वास्तूत कोणी तिकीट काढत नाही. ज्या स्थानकाने गावाला नाव दिले, त्याला गावाने दिलेले हे उत्तर होय.