खुर्ची रिकामी होते तेव्हा…

परवा रात्री भाच्याचा फोन आला. तो गेली काही वर्षं लंडनजवळच्या एका लहान शहरात नोकरीला आहे. एरवी आमचं बोलणं पाऊसपाणी, त्याच्या आईचे गुडघे आणि कपाशीचा भाव यांच्यापलीकडे जात नाही. परवा मात्र स्वारी खुशीत होती.

"मामा, आज मी मत देऊन आलो."

"अरे, तुझा पासपोर्ट तर भारताचा! तिथे कसलं मत?"

तेव्हा कळलं की ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथे मतदान करता येतं. आता मतदानाला फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आणि त्यासाठी आपला निळा पासपोर्टही चालतो. यंत्र नाही, शाई नाही. कागदाची मतपत्रिका आणि दोरीने बांधलेली पेन्सिल! निवडणूक कसली, तर त्याच्या वॉर्डातल्या नगरसेवकाने राजीनामा दिला म्हणून काउन्सिलच्या एका जागेची पोटनिवडणूक. केंद्रावर माणसं कमी आणि शांतता जास्त. पण दुसऱ्या दिवशी तिथल्या बातम्यांत अमक्या पक्षाची मतं इतकी वाढली, तमक्याची इतकी घटली, म्हणजे पुढच्या निवडणुकीत काय होणार, याची चर्चा सुरू.

"मामा, एका वॉर्डावरून देशाचं भविष्य सांगतात हे लोक. तुमच्याकडेही असंच असतं का हो?"

मी हसलो. म्हटलं, बाबा रे, आमच्याकडे तर ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होतसुद्धा नाही, तरी निकालाच्या संध्याकाळी निम्म्याहून जास्त सरपंच आपलेच असं सगळे पक्ष सांगतात! बेरीज केली तर राज्यात जितकी गावं नाहीत तितके सरपंच निघतील.

फोन ठेवला, पण विषय डोक्यातून जाईना. म्हणून आज हा लेखनप्रपंच.

1962 हे साल घ्या. त्या वर्षी मार्च महिन्यात लंडनजवळच्या ऑर्पिंग्टनमध्ये पार्लमेंटची पोटनिवडणूक झाली. हुजूर पक्षाचा बालेकिल्ला, पण लिबरल पक्षाचे एरिक लबक निवडून आले. मोठी खळबळ उडाली, लिबरलांचे दिवस परत आले असं पुष्कळांना वाटलं. दोन वर्षांनी, 1964 मध्ये, सार्वत्रिक निवडणूक झाली. लिबरल पक्षाला जागा मिळाल्या 9, आणि सत्तेवर आला मजूर पक्ष.

त्याच 1962 साली, 1 मे रोजी, आपल्याकडे जिल्हा परिषदा सुरू झाल्या. वसंतराव नाईक समितीने शिफारस केली, 1961 मध्ये कायदा झाला आणि गावाचा रस्ता, दवाखाना, प्राथमिक शाळा हा कारभार जिल्ह्याने निवडलेल्या माणसांच्या हाती आला. तसं पाहिलं तर स्थानिक स्वराज्याचं रोप 1882 च्या लॉर्ड रिपनच्या ठरावापासूनचं. पण माझ्यासारख्या मास्तराला त्याची सावली मिळाली ती जिल्हा परिषदेमुळे. माझी सारी नोकरी तिच्याच शाळांत गेली.

आता आपल्या शेजारची गोष्ट. अकोला आणि वाशीम हे आमच्या बुलडाण्याला लागूनच. तिथे, तसंच नागपूर, धुळे, नंदुरबार आणि पालघरला 7 जानेवारी 2020 रोजी जिल्हा परिषदेचं मतदान झालं. सदस्यांचे हार सुकले नाहीत तोच कोरोना आला. मग 4 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. सगळं आरक्षण मिळून 50 टक्क्यांच्या वर जाता कामा नये, आणि ओबीसींच्या जागा ठरवायच्या तर आधी त्यांची पाहणी करून आकडे मांडावे लागतील, असा त्याचा सारांश. अनुसूचित जाती-जमातींची संख्या मोठी असलेल्या जिल्ह्यांत ओबीसींचे 27 टक्के मिळवले की ही मर्यादा ओलांडली जात होती. त्यामुळे निवडून आलेल्यांच्या खुर्च्या चौदा महिन्यांत गेल्या. त्या सदस्यांचा काही गुन्हा नव्हता. त्यांनी अर्ज भरला, जातीचा दाखला दिला, गावोगाव फिरून मतं मागितली आणि जिंकले. चूक झाली ती वर, नियमात. खुर्ची गेली खालच्याची!

मग त्या जागा सर्वसाधारण करून पोटनिवडणुका लागल्या. आधी जुलैत ठरल्या होत्या, कोरोनामुळे पुढे गेल्या आणि अखेर 5 ऑक्टोबर 2021 रोजी सहा जिल्ह्यांत मतदान झालं. जिल्हा परिषदेच्या 85 जागा आणि त्यांच्यासोबत पंचायत समित्यांच्या जागा. दुसऱ्या दिवशी निकाल. भाजप 22 जागा घेऊन सर्वात मोठा पक्ष, तर काँग्रेस, राष्ट्रवादी आणि शिवसेना यांच्या महाविकास आघाडीच्या मिळून 46. दोन्ही बाजूंनी गुलाल! एक म्हणे, आम्ही पहिल्या नंबरवर. दुसरे म्हणे, लोकांनी आमच्या सरकारवर शिक्कामोर्तब केलं. गंमत म्हणजे दोघांचंही गणित बरोबर होतं.

नागपूर जिल्हा परिषदेचा निकाल तर फार गाजला. 16 जागांपैकी काँग्रेसला 9, भाजपला 3. भाजपच्या मोठ्या नेत्यांच्या जिल्ह्यात असं झाल्यावर चर्चा होणारच. जाणकारांनी पुढच्या विधानसभेचं भाकीत तिथल्या तिथे करून टाकलं.

आणि पुढे काय झालं? जून 2022 मध्ये शिवसेना फुटली आणि आघाडीचं सरकार गेलं. जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली. ज्या 46 जागांची बेरीज केली होती, तिच्यातले तीनपैकी दोन पक्षच जागेवर राहिले नाहीत! नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेत नागपूर जिल्ह्यातल्या ग्रामीण भागातल्या सहा मतदारसंघांत काँग्रेसला मिळाला एकच, उमरेड. राज्यात 288 पैकी 230 जागा महायुतीला.

पुण्याच्या कसब्यातही हेच झालं. 1995 पासून भाजपकडे असलेली ती जागा मार्च 2023 च्या पोटनिवडणुकीत काँग्रेसच्या रवींद्र धंगेकरांनी जवळपास 11 हजार मतांनी जिंकली. वारं फिरलं असं तेव्हा राज्यभर बोललं गेलं. पुढच्याच विधानसभेत हरलेले हेमंत रासने जिंकले, तेही आधीपेक्षा मोठ्या फरकाने. धंगेकर तर 2025 मध्ये शिंदे यांच्या शिवसेनेत गेले.

मग पोटनिवडणूक काहीच सांगत नाही का? तसंही नाही. 1970 च्या जून महिन्यात परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या. त्यांच्याविरुद्ध शिवसेनेचे वामनराव महाडिक 1,679 मतांनी जिंकले आणि सेनेचा पहिला आमदार विधानसभेत गेला. गिरणगावात लाल झेंड्याची पकड सुटत चालली होती, हे त्या निकालाने खरंच दाखवलं. पण 1972 च्या विधानसभेत सेनेचा एकच आमदार आला, आणि राज्याची सत्ता मिळायला 1995 साल उजाडलं. म्हणजे खूण खरी होती, पण फळ धरायला पंचवीस वर्षं लागली. एवढा दम कोणत्या जाणकाराला असतो?

मला वाटतं, आपण या निवडणुकीला चुकीचा प्रश्न विचारतो. माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी एका लहान खेड्यात होतो. शाळा कौलारू, दोन खोल्यांची. एक खोली पावसाळ्यात इतकी गळायची की मुलं पाटी डोक्यावर धरून बसत. आमच्या गटाचे जिल्हा परिषद सदस्य एकदा न सांगता आले, मुलांत मांडी घालून बसले, वर पाहिलं आणि म्हणाले, "गुर्जी, कागद करा. मी पाहतो." कागद केला. त्यांनी तो स्वतः नेला. महिनाभराने त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले.

जागा रिकामी झाली. आमचा कागद कोणत्या टेबलावर आहे हे सांगणारं कोणी उरलं नाही. मी दोन वेळा जाऊन आलो. कोणी वाईट बोललं नाही, उलट चहा पाजला. पण हातातला कागद एका माणसाचा होता आणि तो माणूस नव्हता. तो सारा पावसाळा माझा तिसरीचा वर्ग मारुतीच्या देवळात भरला. भजनी मंडळ आलं की आम्ही पाढे थांबवायचो.

दिवाळीनंतर पोटनिवडणूक लागली. जीपगाड्या आल्या, भोंगे आले. पारावर एकच चर्चा, हवा कोणाची? निकाल लागला, जुन्याच पक्षाचा माणूस आला, त्या पक्षाची पकड पक्की असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. पुढच्या विधानसभेला त्याच गावांनी नेमकं उलट मतदान केलं! मी पारावरच्या एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं, असं कसं झालं? बाबा तंबाखू मळत म्हणाले, "गुर्जी, तवा आमी मानूस पाह्यला. आता सरकार पाह्यलं. हे दोन येगळे हायेत ना बाप्पा!"

राज्यशास्त्र मी बी.ए.ला शिकलो, पण हा धडा कोणत्या पुस्तकात नव्हता. पोटनिवडणुकीने सरकार बदलत नाही, हे मतदाराला ठाऊक असतं. म्हणून तो कधी माणूस पाहतो, कधी गेलेल्याच्या घराकडे पाहतो, कधी सरकारला चिमटा काढतो, आणि पुष्कळदा घरीच बसतो. त्यातून पक्षांनी आपली कुंडली मांडायची तर मांडावी. त्याला मात्र एवढंच हवं असतं की जागा भरावी आणि आपला कागद हलावा. (नव्या सदस्याने तो शोधून काढला, हेही सांगितलं पाहिजे. पुढच्या पावसाळ्याआधी कौलं बदलली.)

आणि इथेच मन खिन्न होतं. एक खुर्ची रिकामी झाली तर पोटनिवडणूक होते. पण सगळ्याच रिकाम्या झाल्या तर? मार्च 2022 मध्ये आमच्या बुलडाण्यासह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि गट-प्रभागांची रचना हे वाद न्यायालयात होते, म्हणून निवडणूक नाही. प्रशासक आले. 2022 गेलं, 2023 गेलं, 2024 गेलं. त्या काळात लोकसभा झाली, विधानसभा झाली. जिल्हा परिषद नाही. शेवटी 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असं सांगितलं, तरी पुढे मुदती वाढतच गेल्या.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. 1979 नंतर जिल्हा परिषदांची निवडणूक झाली ती थेट 1992 मध्ये. म्हणून तर 73 वी घटनादुरुस्ती आली, 24 एप्रिल 1993 पासून लागू झाली, आणि पाच वर्षांच्या आत निवडणूक झालीच पाहिजे असं घटनेत लिहिलं गेलं. लिहून ठेवलं म्हणजे निश्चिंत झालो, असं आम्हा मास्तर लोकांना वाटलं होतं.

प्रशासक वाईट असतात असं मी म्हणत नाही. कित्येक अधिकारी फार मन लावून काम करतात. पण अधिकारी शाळेत आला तर तपासणीला येतो, सदस्य आला तर पुढच्या मतासाठी येतो. त्या स्वार्थातच आमचं कौल बदलतं! गळक्या खोलीतल्या मुलांच्या बापाला ज्याच्या दारात जाऊन बसता येतं, असा एक तरी माणूस हवा.

काल भाच्याला पुन्हा फोन केला. विचारलं, तुमच्याकडे जागा रिकामी झाली की निवडणूक लावतं कोण? तो म्हणाला, "मामा, वॉर्डातल्या दोन मतदारांनी लेखी मागणी केली की पस्तीस कामकाजाच्या दिवसांत निवडणूक घ्यावी लागते."

"दोनच?"

"दोनच."

मी गप्प बसलो. संध्याकाळी पारावर ही गोष्ट सांगितली. एक जण म्हणाला, "गुर्जी, मंग आपून दोघं लिवू का एक अर्ज?" सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर जुन्या सवयीने कोरा कागद काढला आणि वर 'प्रति' लिहिलं. पुढे कोणाचं नाव घालायचं, याचा मात्र बराच वेळ विचार करत बसलो.

असो. तुमच्या गावात काय परिस्थिती आहे, जरूर कळवा.