धर्मसत्तेच्या छायेतील वाङ्मय : सतराव्या शतकातील इंग्लंड आणि गोवे

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात सतराव्या शतकाचे स्थान वेगळे आहे. राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात १६४२ साली यादवी युद्ध पेटले आणि त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात प्युरिटन पक्षाच्या प्रभावाखालील पार्लमेंटने लंडनमधील नाट्यगृहे बंद केली. ज्या रंगभूमीवर शेक्सपिअर घडला, ती पुढे जवळजवळ अठरा वर्षे मुकी राहिली. १६४९ च्या जानेवारीत राजाचा शिरच्छेद झाला, क्रॉमवेलचा अंमल आला आणि १६६० साली पुन्हा राजेशाही परतली. या उलथापालथीतून जे वाङ्मय निर्माण झाले, ते मात्र क्षुद्र नव्हते. ग्रंथांवर पूर्वपरवान्याचे बंधन नको, असे बजावणारी मिल्टनची पुस्तिका १६४४ सालची. परवान्याची ही सक्ती त्याच्या स्वतःच्याच पक्षाच्या पार्लमेंटने घातलेली होती, हे विशेष. त्याचे महाकाव्य प्रसिद्ध झाले १६६७ साली. तोवर त्याची दृष्टी गेली होती आणि त्याचा पक्षही पराभूत झाला होता. विनापरवाना प्रवचने केली म्हणून जॉन बनियनने सुमारे बारा वर्षे कारावास भोगला, आणि त्याचे जगप्रसिद्ध रूपक १६७८ साली बाहेर पडले.

हे रूपक आपल्याही परिचयाचे आहे. हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिक-क्रमण’ या नावाने ते मराठीत आणले. त्यानंतर सोळा वर्षांनी ‘यमुनापर्यटन’ लिहून मराठी कादंबरीचा पाया घालणारे बाबा पदमनजी हे तर जन्माने बेळगावचेच. तथापि प्रस्तुत लेखाचा विषय याहून जवळचा आहे. इंग्लंडमध्ये धर्माभिमानी राजवट आणि वाङ्मय यांचा जो संघर्ष झाला, तसाच संघर्ष त्याच शतकात आपल्या घाटाखाली, गोव्यात चालू होता. आणि तेथे पणाला लागलेली भाषा मराठी होती.

पोर्तुगीज सत्ता गोव्यात आली १५१० साली. त्यानंतर सोळाच वर्षांनी, म्हणजे १५२६ मध्ये, केळशीच्या कृष्णदास शामाने ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ ओवीबद्ध केली. तिथे मराठी काव्याची परंपरा किती पक्व होती, याचा हा पुरावा आहे. पुढे चित्र पालटले. १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले. देवळे पाडली गेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास नेण्यात आली. अनेक कुटुंबे देव घेऊन सीमेपलीकडे गेली, काही घाट चढून वर आली. आपल्या भागातील कित्येक घरांचे कुलदैवत आजही गोव्यात आहे, त्याचे मूळ या स्थलांतरात सापडते. देवांबरोबर पोथ्यांवरही संकट आले. धर्मखंडनासाठी म्हणून पाद्र्यांनी काही पोथ्या रोमन लिपीत उतरवून घेतल्या. त्यांतील हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आढळली. ज्यांनी पोथ्या नष्ट करू पाहिल्या, त्यांच्याच दप्तरात त्यांतील काही टिकून राहाव्यात, हा इतिहासाचा विलक्षण न्याय म्हटला पाहिजे.

याच वातावरणात एक इंग्रज गोव्यात आला. थॉमस स्टीफन्सचा जन्म विल्टशायरमधला. एलिझाबेथ राणीच्या काळी इंग्लंडमध्ये कॅथलिकांचा छळ होत होता. स्टीफन्सच्या एका मित्रास तर दीर्घकाळ तुरुंगवास घडला. स्टीफन्स रोमला जाऊन जेझुइट पंथात दाखल झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास पोहोचला. १६१९ साली मृत्यू येईपर्यंत तो तेथेच, बहुतेक काळ सासष्टीत राहिला. स्वदेशात जो छळला गेलेल्या पक्षाचा, तोच येथे छळणाऱ्या सत्तेच्या पंक्तीला बसला होता. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांची बोलणीच्या मिषाने बोलावून हत्या झाली. या साऱ्या काळात स्टीफन्स गोव्यातच होता. त्याच्या ग्रंथाचे मूल्यमापन करताना ही पार्श्वभूमी नजरेआड करता येत नाही.

‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या प्रारंभी त्याची जन्मकथा येते. सासष्टीत धर्मशिक्षण चालू असता एक ब्राह्मण पाद्रीबाबांस विचारतो की, आमची जुनी पुराणे तर आपण बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत वाचावयास काही का देत नाही? म्हणजे बंदीने जी पोकळी निर्माण झाली, तीच भरण्यासाठी हा ग्रंथ जन्मास आला. पोथी हिरावता आली, पण पोथी ऐकण्याची भूक हिरावता आली नाही. ती भूक भागवण्यासाठी राज्यकर्त्यांच्या धर्मगुरूला ज्ञानेश्वर-एकनाथांचा ओवीछंद आणि पुराणिकाची कथनशैली यांना शरण जावे लागले. मराठीचे त्याने गायिलेले कौतुक शाळेच्या पुस्तकांतून आपण वाचले आहे. त्याच्या भाषेत गोमंतकी बोलीचा अंश मोठा आहे. पण तिचे शरीर मराठी पोथीचे आहे, याविषयी शंका नाही.

या ग्रंथास देवनागरी लिपी मात्र मिळाली नाही. गोव्यात मुद्रणयंत्र १५५६ पासून होते, भारतातील पहिलेच. परंतु देशी लिपीचे खिळे पाडण्याची स्टीफन्सची इच्छा पुरी झाली नाही आणि पुराण रोमन अक्षरांत छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या पुढील आवृत्त्या निघाल्या. १६५५ साली आंतोनियु द साल्दान्य याचे संत अंतोनीचे चरित्रही याच प्रवाहात आले. इंग्लंडात क्रॉमवेलचा अंमल होता, त्याच वर्षांत गोव्यात मराठी ओव्या छापल्या जात होत्या.

नंतर यादवीचे नव्हे, पण परचक्राचे वारे सुटले. १६८३ साली विजरई कोंदे द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्यावर चाल केली. संभाजीमहाराजांनी ती मोडून काढली, नोव्हेंबरात जुवे बेट घेतले आणि मराठी फौजा सासष्टी व बार्देशात शिरल्या. भयभीत विजरईने संत झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला, ही हकीकत प्रसिद्धच आहे. इतक्यात शहाआलमची मोगल फौज रामघाटाने खाली उतरली आणि महाराजांना मागे फिरावे लागले. रामघाट आपल्या वाचकांना निराळा सांगावयास नको.

या धामधुमीनंतर पाच-सहा महिन्यांतच, २७ जून १६८४ रोजी, त्याच विजरईने हुकूम काढला की, प्रजेने तीन वर्षांच्या आत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषाच वापरावी. फ्रान्सिस्कन पाद्र्यांची तशी मागणी होती. पूर्वीचे पाद्री लोकभाषा शिकत. आता लोकांनीच पाद्र्यांची भाषा शिकावी असे ठरले. गोव्याचा छापखाना तर १६७४ नंतर थांबलाच होता. तो पुन्हा चालू झाला १८२१ साली. मध्ये जवळजवळ दीडशे वर्षे गेली.

येथे इंग्लंड व गोवे यांतील मुख्य भेद ध्यानी येतो. इंग्लंडमध्ये राजपक्ष आणि पार्लमेंटपक्ष एकमेकांचे रक्त सांडत होते, परंतु दोघेही एकाच भाषेत लिहीत होते. मिल्टनचा पक्ष हरला तरी इंग्रजी हरली नाही. म्हणून १६६० नंतर नाट्यगृहे उघडताच नाटके पुन्हा सुरू झाली. गोव्यात घाला भाषेवरच होता. तेथे हुकूम मागे पडला तरी छापखाना, शाळा आणि वाचक यांची तुटलेली साखळी सहज जोडली गेली नाही. वाङ्मय बंदीने मरत नाही, वाचक तुटल्याने मरते, असा याचा अर्थ मी लावतो.

मग ‘ख्रिस्तपुराण’ टिकले कसे? सतराव्या शतकातील छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ साली साल्दान्हा यांनी मंगळूर येथे हा ग्रंथ पुन्हा छापला, तो हस्तलिखितांच्या आधारे. दक्षिणेकडे स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी त्याच्या नकला करून ठेवल्या होत्या आणि उपवासकाळात घरोघर त्या वाचल्या-गाइल्या जात. देवनागरी हस्तलिखित सापडले ते लंडनमधील मार्सडेन संग्रहात, आणि शांताराम बंडेलू यांनी संपादिलेली देवनागरी आवृत्ती १९५६ साली निघाली. या साऱ्या इतिहासाची साधार मांडणी अ. का. प्रियोळकर यांनी केली, त्याबद्दल मराठी माणसाने त्यांचे ऋणी असावे.

१९५६ हेच वर्ष आपल्याही सीमाभागाचे. त्या वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. मी सरकारी नोकरीत सारी हयात कन्नड टिपणे लिहिली आणि घरी मराठी पोथी वाचली. दोहोंत मला विरोध वाटला नाही. आजच्या लोकशाही राज्याची तुलना इन्क्विझिशनशी करणे अनुचित व असत्य होईल. गाऱ्हाणी असतील ती सनदशीर मार्गाने मांडावीत. परंतु गोव्याचा धडा दुसराच आहे. तेथे ग्रंथ वाचवला तो कोणा राजाने नव्हे, तर परमुलखात जाऊन राहिलेल्या सामान्य घरांनी. नकलून ठेवला, वर्षातून एकदा मोठ्याने वाचला, एवढेच त्यांनी केले.

आपल्या घरांच्या माळ्यावर मोडी कागदांची रुमाले आणि श्रावणात निघणाऱ्या पोथ्या अजून आहेत. वाळवीने खाल्लेल्या पानास कोणताही हुकूमनामा जबाबदार नसतो. पोथीचे कापड आपण शेवटचे कधी सोडले आणि ऐकावयास नातवंडांपैकी कोण बसले होते, याचे उत्तर प्रत्येक घराने आपल्यापुरते द्यावे.